करणचं मावतंय का

आमचा करण काविळीनं गेला, दोन म्हैने झाले. मी त्याची थोरली बहीन ज्योती, शिंगणापूरची. सातवी शिकले, बोलते तशी मोबाईलवर लिवते.

करण घरी बसून कॉम्प्युटरच्या कर्नेलचं काम करायचा. कर्नेल म्हंजी मशीनचा आतला गाभा. गावाला वाटायचं पोरगं बेकार हाय. शेजारची बायडा मावशी तर त्याला टेम्पो घे म्हनली.

एकदा मीच इचारलं, तू करतो तरी काय. तो म्हनला, "आक्का, कर्नेल आपल्या गावासारखं हाय. घरांना कवाडं न्हाईत. एकाची कढई लहान पडली की सांडलेलं थेट शेजारच्याच्या घरात."

मशीनमदी सामान ठेवायचं तर वस्तू किती, एकेक केवढी, गुनाकार करून कर्नेलकडं जागा मागायची म्हनं. पन उत्तर लई मोठं आलं की सुरवातीचे आकडे मावत न्हाईत, गळून जात्यात. जागा मिळते इत्तुशी, आन सामान ओततात सगळं. करण असले गुनाकार हुडकून तिथं राखन बसवायचा. मावत न्हाई तर जागा देऊच नको, सरळ न्हाई म्हन.

मला काय बी कळलं न्हाई. कळलं माझ्या लेकीच्या, पूजाच्या साखरपुड्यात. भिमाजी मामा आमचे आचारी. त्यांच्या कॅल्क्युलेटरवर शेवटचे तीनच आकडे दिसायचे. चारशे मानसं, तीन-तीन लाडू. मशीननं दाखवलं दोनशे. मामांनी दोनशेच वळले. व्याही अर्धा लाडू हातात धरून बाकीच्याची वाट बघत बसले. मामा म्हनले, हल्ली लोकांना शुगर असती, मशीनला म्हाईत आसंल.

करण हसून हसून लोळला. मग मामांना म्हनला, उत्तर आलं की उलटं भागून बघत जा. मामा चार म्हैने त्याच्याशी बोलले न्हाईत.

करणच्या तेराव्याला तेच मामा, तेच मशीन, परत चारशे मानसं. मला रडू सुचंना. एकच घोर, माझ्या भावाच्या तेराव्याला कुनी अर्ध्या लाडवावर उठू नये. चुलीपाशी गेले तर मामा कागुद घेऊन बसलेले, डोळे लाल.

"पोरी, मशीन दोनशे म्हनतंय," मामा म्हनले. "हातानं तीननं उलटं भागलं. सदुसष्ट मानसं बी पुरी परत येईनात."

"मग वो?"

"मग काय. मशीनला न्हाई म्हनलो."

मशीन चुलीमागं ठेवून मामा अंदाजानं वळत बसले, ते दोन हजारावर थांबले. सगळी पोटभर जेवली, तरी लाडू उरलेच. मग मामा ते शेजारच्या घरांत न इचारता ठेवून आले. कवाड कुठं हाय. बायडा मावशीच्या तर देव्हाऱ्यात बी लाडू, पिठाच्या डब्यात बी लाडू.

करण आसता तर म्हनला आसता, आक्का, सांडलं की गं.