पित्त नव्हतंच ते

शनिवारी सासऱ्यांना घेऊन मुलुंडला स्किनच्या डॉक्टरांकडे गेले. पाठभर लाल गांधी उठलेल्या... आणि त्यावर सासूबाईंनी चोळचोळून लावलेलं आमसुलाचं पाणी. बाबांनी शर्ट काढला तर डॉक्टर बघतच राहिल्या!

आमच्या मालवणी घरात अंगाला खाज सुटली की ते पित्तच. महिनाभर बाबांचे मासे बंद होते. तरी खाज थांबेना, तेव्हा सासूबाईंनी निकाल देऊन टाकला... हे बाहेर चोरून बांगडा खातात. "मी पण त्याच खोलीत झोपतंय ना? मगे माका कित्याक उठणा नाय?"

त्या शनिवारी रिक्षात बाबा हळूच म्हणाले, "खाजीचा काय नाय गो... पण ही माका खोटो समाजता." इतकं वाईट वाटलं मला.

डॉक्टरांनी भिंगातून पाठ पाहिली. बऱ्याच गांधींच्या मधोमध टोचल्याची बारीक खूण होती. त्यांनी विचारलं, घरात कबुतरं येतात का? अहो, त्या खोलीच्या एसीमागे घरटंच होतं की! पिल्लं कधीच उडून गेलेली, पण घरट्यातले बारीक किडे आत येऊन चावत होते.

किडा चावताना त्याची लाळ आपल्या त्वचेत जाते म्हणे. शरीराला ती परकी वाटते, मग ते हिस्टामिन सोडतं... आणि सूज, खाज सगळी त्याचीच. पण प्रत्येकाचं शरीर सारखाच तमाशा करत नाही. एकाच खोलीत दोघांना चावलं तरी एकजण खाजवून बेजार आणि दुसऱ्याला पत्ताच नाही.

घरी आल्या आल्या हे सगळं मी सासूबाईंना सांगितलं.

रविवारी घरटं काढलं, पेस्ट कंट्रोल झालं, खिडकीला जाळी लागली. दुपारी ताटात तळलेला बांगडा! 'चुकलं' वगैरे म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. सासूबाईंनी फक्त स्वतःच्या ताटातली तुकडी उचलून बाबांना वाढली.

बाबांनी ती परत त्यांच्या ताटात ठेवली. म्हणाले, "तू खा गो. तुका पण चावले असतले ते... तुका कळाक नाय, इतक्याच."

सासूबाई चक्क लाजल्या. आणि मी पाण्याचं निमित्त करून किचनमध्ये पळाले... डोळेच भरून आले हो. असे सासरे मिळाले, नशीबच म्हणायचं माझं.