घुंघुं नसलेलं गाणं

शेगावच्या स्टेशनवर बहिणीला गाडीत बसवून मी बाहेर आलो, चहा सांगितला, आणि फोन वाजला. संग्रामपूरहून, दिगूच्या चष्म्याच्या दुकानाशेजारच्या कापड दुकानदाराचा. "सर, लौकर या. दिगूभाऊ गेले. घरातच... करंट लागला." करंट म्हटल्याबरोबर कुठल्या यंत्राचा आणि कशामुळे, हे मला विचारावं लागलं नाही. चहा तसाच राहिला. परतीच्या गाडीत मला रडू येत नव्हतं, राग येत होता. दिगूचा राग. महिना उलटून गेला तरी तो पुरता उतरलेला नाही, आणि हे लिहितानाही मधूनमधून डोकं वर काढील. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

दिगंबर आणि मी शाळेपासूनचे. पुढे मी हायस्कुलात विज्ञान शिकवू लागलो आणि त्याने बाजारात चष्म्याचं दुकान टाकलं. दिवसभर तो गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची गोल फ्रेम चढवून एकामागून एक काचा सरकवायचा आणि विचारायचा, "आता साफ दिसते, का आता?" संध्याकाळी घरी आला की हाच प्रश्न तो गाण्याला लावायचा. समोरच्या खोलीत अकोल्याहून आणलेला जुना अ‍ॅम्प्लिफायर, रेकॉर्ड प्लेयर आणि दोन भलेमोठे स्पीकर. स्पीकरखाली कधी शहाबादी फरशीचे तुकडे घाल, कधी सायकलच्या ट्यूबचे काप. आज जाड वायर लाव, उद्या त्याहून जाड. प्लगच्या पिना चष्मा पुसायच्या पाण्याने लख्ख कर. प्रत्येक उद्योगानंतर मला बोलावणं यायचं आणि एकच गाणं मला दोनदा ऐकावं लागायचं. "सांग बे, फरक पडला का नाही?" मी म्हणायचो, "काई नाही पडला." मग तो माझ्या कानांचा उद्धार करायचा. मला खरंच कधी काही वेगळं ऐकू आलं नाही. त्याला मात्र तबलजीच्या बोटांत अंगठी आहे की नाही हेसुद्धा ऐकू येत असे.

एकदा मी हट्टालाच पेटलो. दुकानातली तीच फ्रेम त्याच्या डोळ्यांवर चढवली, दोन्ही बाजूंना डोळा झाकायच्या काळ्या काचा घातल्या आणि सुमनवहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, सांगितलं, तुम्हाला वाटेल तेव्हा वायर बदला, वाटेल तेव्हा नुसतं बदलल्याचं नाटक करा. दिगू छातीठोकपणे सांगत गेला आणि चुकत गेला. वहिनींना हसू आवरेना. फ्रेम काढून तो म्हणाला, "परीक्षा घेतली का कान घाबरतात बे. तुया वर्गातल्या पोराइले इचार." पुढच्या आठवड्यात नवी वायर हजर होती.

त्याला एकच गोष्ट खरोखर छळायची. शेजारच्या बोअरची मोटर सुरू झाली की त्याच्या स्पीकरमधून बारीक घुंघुं यायचं. हे मात्र मलाही ऐकू यायचं. आपल्या घराचं अर्थिंगच कमजोर, असं त्याने ठरवलं. अंगणातल्या ज्या खड्ड्यात अर्थिंगची तार पुरलेली असते, त्यात त्याने मीठ आणि कोळसा भरला आणि उन्हाळाभर रोज बादलीने पाणी घातलं. आमच्या भागात जमिनीतलं पाणी खारं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि गोडं पाणी नळाला येईल तेव्हा खरं. वहिनी ओट्यावरून ओरडायच्या, "घरात पियाले पाणी नाही, अन् हे गाण्याले पाणी पाजून राह्यले!" दिगू बादली ओतता ओतता म्हणायचा, "खारंच हाये वं. ना तुया कामाचं, ना माह्या. याले तरी पिऊ दे." घुंघुं काही गेलं नाही.

मग जूनमध्ये एका संध्याकाळी त्याने मला बोलावलं. काही न सांगता खुर्चीवर बसवलं आणि रेकॉर्ड लावली. शेजारची मोटर चालू होती, खिडकीतून तिचा आवाज येत होता, आणि खोलीत मात्र फक्त गाणं होतं. गाणारी बाई दोन ओळींच्या मध्ये थांबली की तिथे नुसती शांतता. मी म्हणालो, "दिगू, पडला फरक." तो असा खूश झाला की मला आजही तो चेहरा नीट आठवतो. मग त्याने करामत सांगितली. अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगमधली हिरवी वायर, म्हणजे अर्थिंगचीच, त्याने सोडवून टाकली होती. मी ताडकन उठलो. यंत्राच्या लोखंडी पेटीत कधी करंट उतरला तर तो जमिनीत नेणारी, मीटरजवळचा खटका पाडणारी तेवढीच एक वायर असते, हे मी जन्मभर पोरांना शिकवलं. "जोड ती आधी," मी म्हणालो. तो म्हणाला, "एवढ्या वर्सानं गाणं साफ आयकू आलं, अन् तू मास्तरकी करून राह्यला." त्यानंतर जेव्हा जेव्हा भेटलो तेव्हा तेव्हा मी तेच म्हणालो, आणि त्याने तेव्हा तेव्हा ते हसण्यावारी नेलं. अरे, किती हट्टी असावं माणसानं...

पावसाळ्यात भिंतींना ओल आली. जुन्या यंत्राच्या आत काय निकामी झालं कोण जाणे. दुकानाला सुट्टी होती त्या सकाळी दिगू अनवाणी, गाणं चालू ठेवून, अ‍ॅम्प्लिफायरखाली रबराचे तुकडे सरकवत होता. वहिनी स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या. "गाणं सुरूच होतं न भाऊजी," त्या मला म्हणाल्या, "म्हून मी आत गेलीच नाही. वाटलं, आयकत बसले असतील." रेकॉर्ड संपली, कोणी उलटली नाही, तेव्हा त्या आत गेल्या.

तेराव्याला गावभर एकच बोलणं. गाण्याच्या येडापायी गेला. वहिनींच्या समोरसुद्धा लोक बोलले. परवा मी गेलो तेव्हा त्यांनी मला त्या खोलीत बसवलं आणि दार लोटून घेतलं. "भाऊजी, एक इचारतो, खरं सांगसान. लोक म्हणतात, माणूस भरमात होता. तुमी तर सदा म्हणत होते, काईच फरक पडत नाही म्हून. मंग त्या वायरीनं तरी पडला होता का?"

हो म्हटलं तर त्या वायरीला शाबासकी दिल्यासारखं होत होतं, नाही म्हटलं तर दिगूला मेल्यावर वेड्यात काढल्यासारखं. पण त्यांना माझ्या तोंडून ऐकायचं होतं, कारण इतकी वर्षं नाही म्हणणारा मीच एकटा होतो. मी म्हणालो, "पडला होता, वहिनी. चांगलाच पडला होता. मी माझ्या कानांनी ऐकला."

त्या पदर तोंडाला लावून बराच वेळ रडल्या. "मंग येडे नोते," एवढंच म्हणाल्या. मग उठल्या आणि त्यांनी अ‍ॅम्प्लिफायरचं बटण दाबलं. वायरमनला बोलावून त्यांनी यंत्र दुरुस्त करून घेतलं होतं, हिरवी वायर पुन्हा जोडून घेतली होती. रेकॉर्ड लावली नाही. शेजारची मोटर चालू होती आणि स्पीकरमधून तेच बारीक घुंघुं पुन्हा येऊ लागलं. रोज संध्याकाळी त्या हेच लावून बसतात म्हणे. बसता बसता त्यांनी अ‍ॅम्प्लिफायरच्या लोखंडी पाठीवर पूर्ण पंजा टेकवला. मी म्हणालो, "वहिनी, हात काढा."

त्यांनी काढला नाही. "हे घुंघुं वाजून राह्यलं न भाऊजी," त्या म्हणाल्या, "तवर काई होत नाही."