कढईच्या बुडाला प्लेटच! आरमोरी–चंद्रपूर–एटापल्ली

एटापल्लीच्या बचत गटाला मोहफुलांचा पाक आटवायला मोठी कढई हवी होती. आधीच्या कारागिराने दिलेली कढई आठवडाभरात बुडाला फुगली आणि पाक करपला. गटाच्या मैनीबाईंचा फोन आला, "यंदा पाक बिघडला तर गट मोडते, बाई." मी आरमोरीत वेल्डिंग करते. म्हटलं, स्टील स्वतः पाहून आणते.

सकाळी सहाला गाडीवाल्या देविदासभाऊंच्या पिकअपमध्ये वेल्डिंग मशीन चढवलं. या रस्त्याने जाणार असाल तर मूल गावात थांबून तर्री-पोहे खा. तीस रुपयांत पोट भरतं. पुढे ट्रकांची रांग असते, तासभर जास्तीचा धरा.

चंद्रपूरचा दुकानदार माझ्याकडे न पाहता देविदासभाऊंशीच बोलत होता. "कॉइलचा पत्रा न्या, भाऊ. पाहिजे तेवढा कापून देतो, सस्ता पडते. जाड प्लेट काऊन घेता?"

"मले विचारा," मी म्हटलं. "वेल्डिंग मी करतो."

"बाई, स्टील ते स्टीलच."

कॉइलच्या गुंडाळीतून कापलेला एक तुकडा मी फरशीवर टाकला आणि एका कोपऱ्यावर पाय दिला. समोरचा कोपरा उचलला गेला. "गुंडाळीचा वाक गेला नाई याचा. वरून पातळ. कढईच्या कडेले हाच घेतो, तिथी वाकच पायजे. बुडाले सहा एमएमची प्लेट काढा."

"जड हाय. तुमच्यानं होत नाई."

"काढा."

दोन तास बसवून ठेवलं त्यानं. मीही हलले नाही. प्लेट आली तेव्हा तिच्यावर पट्टी उभी धरली. खालून उजेडाची रेघसुद्धा दिसली नाही, इतकी सपाट. कडेचा पत्रा तिथेच रोलिंग मशीनवर वाकवून घेतला आणि गोंडपिपरी, आष्टीमार्गे निघालो. डिझेल आलापल्लीतच भरून घ्या. तिथून पुढे दोन्ही बाजूंनी सागाचं जंगल, आणि मागे प्लेटचा खडखडाट.

दुसऱ्या दिवशी मैनीबाईंच्या अंगणात वेल्डिंगला बसले. भोवती पुरुष जमले. एक जण म्हणाला, "हे बी फुगन."

मैनीबाई ओरडल्या, "सरका तिकडं! बाईचा उजेड अडवून राह्यले."

तिसऱ्या दिवशी सकाळपासून कढई चुलीवर. मी जेवायचं सोडून चुलीजवळच बसले. दुपारी पाक काढला, कढई निवल्यावर पालथी केली. मैनीबाईंनी काळ्या बुडावरून सावकाश हात फिरवला. "सपाट हाय," म्हणाल्या, आणि तोच काळा हात माझ्या पाठीवर ठेवला.

घरी आले. खांदे अजून दुखतात. जंगल आठवतं, पण त्याहून जास्त ते दोन तास आठवतात, न उठता बसलेले. काल पेंटरला बोलावून माझ्या वेल्डिंगच्या दुकानावर पाटी रंगवून घेतली. त्यानं विचारलं, "खाली मालक म्हणून घरच्या माणसाचं नाव टाकू?"

"मालक मीच हाय," मी म्हटलं. "अक्षरं मोठी काढ."