मीठ कमी, कोथिंबीर जास्त

किस्से काही कुणी ठरवून गोळा करत नाही. दवाखान्यात बसलात की ते नंबर लावून आपणहून आत येतात, आणि पेशंट गेला तरी ते जात नाहीत!

मी पेणला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात आहार सांगायला बसायचे. दर शुक्रवारी रोह्याला. बीपीच्या प्रत्येक पेशंटला माझं पालुपद एकच: "मीठ निम्मं करा. चव मसाल्यांनी आणा. जिरं, मिरी, ओवा, लिंबू आणि भरपूर कोथिंबीर." आठ वर्षं हेच सांगितलं. लोकांमध्ये किती फरक पडला माहीत नाही. माझ्यात बराच पडला.

* * *

माझा पहिलाच पेशंट. पन्नाशीचे काका, काटक, उन्हानं रापलेले. बीपी चढलेलं. मी नव्या डिप्लोमाचा सगळा जोर लावून वीस मिनिटं मिठाचे तोटे सांगितले. मीठ म्हणजे कसं पांढरं विष, सगळ्या तालुक्यानं ते कसं सोडायला हवं, वगैरे वगैरे.

काकांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. शेवटी मी विचारलं, "काम काय करता काका?"

"मिठागरावर हाय."

काका उठले, दारापाशी जाऊन थांबले.

"मी करतो कमी, मॅडम. पन सगल्यांना नका सांगू!"

* * *

वडखळच्या एका मावशींची शुगर काही केल्या उतरेना. मी त्यांना सांगितलं, "मेथीदाणे रात्री भिजवायचे, सकाळी चावून खायचे."

दोन महिन्यांनी रिपोर्ट आला. शुगर चांगली उतरलेली! मी कागद फडकवत थेट डॉक्टरांच्या केबिनमध्ये. "बघा सर, मेथीचा परिणाम!"

डॉक्टरांनी मावशींना आत बोलावलं. "मेथी कशी खाल्लीत?"

"कडू जहर ती, कोन खातंय! भिजवली तर मोड आले. मंग रेतीत पेरली. आता रोज सकाळी जुड्या घेऊन नाक्यावर चालत जाते इकायला. जाऊन-येऊन तासभर होतो बघा."

डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्या हातात परत दिला. "खरं आहे मॅडम. परिणाम मेथीचाच!"

* * *

रोह्याला एका महिला मंडळात माझं प्रात्यक्षिक होतं. मिठाचा कणही न घालता दुधीची भाजी केली. धणे भाजून, मिरी कुटून, वरून हिरवीगार कोथिंबीर. पन्नास बायकांनी चमचा-चमचा घेतली. दुसरा चमचा कुणी मागेना. फक्त पहिल्या रांगेतल्या एक आजी पुढे आल्या.

"बाई, ही भाजी लिहून द्या ना मला. नीट, मापासकट."

मला काय आनंद झाला! "आवडली ना आजी?"

"नाय हो. जावई येऊन पंधरा दिवस झाले, जायचं नावच घेत नाय!"

* * *

तरीही मी सुधारले नाही. पेणजवळच्या एका छोट्या कारखान्याच्या कँटीनमध्ये 'आरोग्य दिन' ठरवला. आचाऱ्याच्या पाठीशी उभी राहून सगळ्या जेवणात मीठ निम्मं करायला लावलं. पहिल्या शिफ्टची माणसं निमूट जेवून गेली. मला वाटलं, जिंकले!

दुपारी दुसरी शिफ्ट आली. प्रत्येकाच्या हातात पुडी. कुणाकडे मीठ, कुणाकडे लोणचं, कुणाकडे सुका जवळा.

सुपरवायझर साहेब मात्र भलतेच खूश. माझे आभार मानायला स्वतः टेबलापाशी आले.

"मॅडम, या कंपनीत एका शिफ्टनं दुसऱ्या शिफ्टला इतका पक्का निरोप आजवर कधी दिला नव्हता!"

* * *

रोह्याचे एक निवृत्त मास्तर म्हणजे माझे सगळ्यात शिस्तीचे पेशंट. काय खाल्लं ते रोज वहीत लिहायचे. एका शुक्रवारी सकाळी त्यांची वही मी बाकीच्या पेशंटना दाखवली. "असं पथ्य पाळावं माणसानं!"

संध्याकाळी परतताना कोलाडला गाडी बदलायची होती. भूक लागलेली. टपरीवर गरम वडे निघत होते. मी दोन वडे घेतले, तळलेली मिरची मिठात चांगली घोळवली आणि तोंडाशी नेली. समोरच्या बाकावर मास्तर! त्यांच्या हातातही मिरची, तीही घोळवलेली.

मास्तरांनी मिठाची वाटी माझ्याकडे सरकवली.

"खाल्ल्या मिठाला जागा, मॅडम. डॉक्टरांना बोलू नका!"

* * *

आता घरचा किस्सा. हा मी दवाखान्यात कुणालाच सांगितलेला नाही.

माझे सासरे, आम्ही त्यांना बाबा म्हणतो, त्यांना हार्टचा त्रास झाला आणि मीठ जवळजवळ बंद झालं. मी हिरिरीनं कामाला लागले. त्यांची आमटी वेगळ्या छोट्या पातेल्यात. त्यात जिरं-मिरी, आमसूल, कोथिंबीर. बाबा रोज जेवायचे, रोज म्हणायचे, "छान झालंय." दोन वर्षांत एकदाही कुरकुर नाही. मी तर प्रत्येक भाषणात त्यांचं उदाहरण द्यायचे. "माझे सासरे बघा! मिठाची आठवणसुद्धा येत नाही त्यांना."

एका रविवारी पाहुणे यायचे होते, त्या गडबडीत पातेल्यांची अदलाबदल झाली. बाबांच्या वाटीत आमची आमटी, आमच्या वाट्यांत बाबांची.

ह्यांनी पहिला घास घेतला आणि माझ्याकडे बघत राहिले. "अगं, मीठ?"

मी चाखली. दोन वर्षं मी ती आमटी करत होते, पण एक अख्खा घास कधी खाल्ला नव्हता. गिळवेना.

बाबा मात्र खाली मान घालून जेवत होते. वाटी संपली. दुसरी मागितली. तीही संपवून त्यांनी तिसऱ्यांदा वाटी पुढे केली, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"बाबा! अहो, तुमच्या वाटीत मिठाची आमटी गेलीय! बोलला का नाहीत?"

बाबांनी वाटी काही मागे घेतली नाही.

"मला वाटलं, सूनबाईचा हात बसला एकदाचा!"