कोठाराला रंग मी लावला

अमेरिकेत, अ‍ॅशबर्नमध्ये आमच्या घरामागे एक जुनं लाकडी धान्याचं कोठार आहे. आमच्या ढोलांची शेजाऱ्यांनी पोलिसांत तक्रार केली, तेव्हा त्याच्या म्हाताऱ्या मालकाने दार उघडून दिलं होतं. तेव्हापासून गणपतीची तालीम तिथेच. तो गेल्यावर जमीन डेटा सेंटरवाल्या कंपनीने घेतली आणि कोठार पाडायचं ठरलं. मी चिडले. वारसा म्हणून त्याला संरक्षण द्या, असा काउंटीकडे, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाकडे, अर्ज केला.

सोमवारी काउंटीच्या तपासनीसबाई येणार म्हणून मी शनिवारीच ढोलपथकातल्या सगळ्यांना कामाला लावलं. पाहुणे येणार आणि घर असं ठेवायचं? झाडलं, धुतलं, खांबांना आणि तुळयांना लालभडक रंग दिला. हौसच दांडगी!

तपासनीसबाईंनी कपाळाला हात लावला. मूळ सुतारांनी जोडणीसाठी प्रत्येक खांबावर आणि तुळईवर जुळत्या खुणा कोरल्या होत्या. त्याच कोठाराच्या वयाचा पुरावा होत्या आणि त्याच मी रंगाखाली बुजवल्या होत्या.

काउंटीच्या समितीपुढे सुनावणी होती, त्या दिवशी मुलगी म्हणाली, "आई, लेट इट गो ना. इट्स जस्ट अ शेड."

"शेड तुझ्या गाडीला असते," मी म्हटलं. "तू ढोल कुठे शिकलीस?"

तिने गाडी काढली.

कंपनीचा वकील गोड आवाजात म्हणाला, आता तिथे जुनं काही उरलेलंच नाही. मी उठले. "रंग मी लावला. चूक माझी आहे, कोठाराची नाही. शिक्षा मला करा." अध्यक्षांनी एक महिना दिला. तेवढ्या वेळात खुणा दिसल्या तर ठीक, नाहीतर पाडकाम.

धातूचं हत्यार वापरायचं नव्हतं, लाकूड ओरखडलं असतं. मी स्वयंपाकघरातला लाकडी कलथा घेतला. रंग मऊ करायचं औषध लावायचं, थांबायचं, हळूच खरवडायचं. बोटं सोलवटली. तिसऱ्या आठवड्यात मुलगीही स्वतःचा कलथा घेऊन आली. तिच्याच खांबावर पहिली खूण निघाली, तीन उभ्या रेघा. वरच्या तुळईवरही तशाच तीन. मी तिथेच बसून रडले.

काउंटीने कोठार राखलं. तपासनीसबाई आता दरवर्षी पाहणीला येतात. जाळी तशीच, धूळ तशीच. पाहुणे येणार म्हणून कोणी रंगाचा डबा उघडला, तर गाठ माझ्याशी आहे.