आता तू सांग

आमचे वकीलसाहेब अशिलाचा अंगठा सहजासहजी घेत नसत. बाकीच्या वकिलांकडे कागद टाइप झाला की शाई पुढे, अंगठा, चला पुढचा. साहेब मात्र खुर्ची ओढून अशिलासमोर बसत, सगळा मजकूर वऱ्हाडीत वाचून दाखवत आणि मग चष्मा काढून म्हणत, "आता तू सांग." अशिलानं आपलंच म्हणणं पुन्हा सांगायचं. त्यातून जे सुटे ते साहेब लाल पेन्सिलीनं खोडत आणि कागद परत माझ्याकडे येई. वर्ध्याला त्यांच्या ऑफिसात मी नऊ वर्षं टायपिस्ट होते. एकेक प्रतिज्ञापत्र चार-चारदा बडवलंय मी. बोटं दुखायची आणि डोकं त्याहून जास्त.

एकदा मी चिडून म्हटलं, "साहेब, ते बिचारे घाबरून विसरतात. म्हणून काय ते खोटं झालं?"

"खोटं नाही हो बाई," ते म्हणाले. "पण जे माणसाच्या तोंडून दुसऱ्यांदा निघत नाही ते त्याचं नसतं, माझं असतं. उलटतपासणीला उभा तो राहणार आहे, मी नाही."

मी नवा कागद लावला.

साहेब देवळीचे, कास्तकाराच्या घरातले. नागपूरला शिकून वर्ध्यात वकिली करायला आले. काळ्या कोटाचं तिसरं बटण कायम तुटलेलं. मी दोनदा लावून दिलं, पण विचार करताना हात तिथेच जायचा आणि बटण हातात यायचं. आणीबाणीत जिल्ह्यातली माणसं आत गेली तेव्हा त्यांच्या घरच्या बायका आमच्या पायऱ्यांवर बसून असत. अर्ज करून काही व्हायचं नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी साहेब लिहीत. एका म्हाताऱ्यानं विचारलंही, "काऊन लिहून राह्यले साहेब? वाचते कोन?" साहेब म्हणाले, "लिहून ठेवू. वाचनारा आज नाई त उद्या येईन." त्या दिवसांत मला त्यांच्याबद्दल काही म्हणजे काही शंका नव्हती. किती बरं होतं ते.

आणीबाणी उठून वर्ष झालं असेल, तेव्हा मैनाबाई आली. गोंडाची बाई, गिरडच्या पलीकडे जंगलाला लागून तिचं गाव. तिचा नवरा लक्ष्मण जंगलात मजुरी करायचा. सागाच्या लाकडाच्या चोरीवरून पोलिसांनी त्याला उचलून ठाण्यात नेलं होतं. ठाणं आमच्याच जिल्ह्यातलं, नाव घेत नाही. तिचं ऐकताच साहेब मिळेल त्या बसनं तिकडे गेले. लक्ष्मण कोठडीत होता. डावा डोळा सुजलेला, बोलणं धड येत नव्हतं. त्यानं पाणी मागितलं, साहेबांनी गजातून पाजलं. दुसऱ्या दिवशी साहेब जामिनाचे कागद घेऊन गेले तर कोठडी रिकामी आणि ठाणेदार सांगतो, असा कोणी माणूस इथे आणलाच नव्हता. रजिस्टरमध्येही नाव नाही.

मैनाबाईचं मागणं दोन वाक्यांचं होतं. "जित्ता असंन त आना. मेला असंन त सांगा, मी त्याचे दिवस करतो." तेवढं सांगताना ती मध्येच गोंडीत शिरायची. साहेब लाल पेन्सिल खाली ठेवून ती परत येईस्तोवर थांबायचे. तिच्या कागदातलं एकही वाक्य खोडावं लागलं नाही. माझ्या नऊ वर्षांत तसा तो एकच कागद.

अर्ज नागपूरला हायकोर्टात दाखल झाला, चौकशी वर्ध्याच्या कोर्टाकडे लागली. पण लक्ष्मणला ठाण्यात पाहिलेला बाहेरचा माणूस एकच, खुद्द आमचे साहेब. आणि वकील आपल्याच अशिलाचा साक्षीदार होत नाही. मग साहेबांनी ठरवलं, वकीलपत्र नागपूरच्या एका मित्राला द्यायचं आणि आपण पिंजऱ्यात उभं राहायचं. मैनाबाईला त्यांनी तसं माझ्यासमोर सांगितलं. "मी सांगतो कोर्टात. मी पाह्यलं त्याले."

आणि त्याच महिन्यात दिल्लीहून पत्र आलं. परराष्ट्र खात्याला मानवी हक्कांचा कायदा जाणणारा माणूस हवा होता. परदेशातल्या आपल्या वकिलातीत जागा होती. देवळीला कळलं तेव्हा त्यांच्या आईनं गल्लीत पेढे वाटले. लेकाला परदेशात मोठी केस मिळाली अशीच तिची समजूत झाली होती. मी विचारलं, "आणि मैनाबाई?" साहेबांचा हात बटणाकडे गेला. "तारखेला येईन ना बाई. तिथे बसून अशा हजार मैनाबायांचं काम होईल." मला ते पटलं. घरी गेल्यावर पटेनासं झालं. सकाळी पुन्हा पटलं.

तारखा आल्या, साहेब आले नाहीत. पत्रं यायची. सरकारी नोकराला सरकारविरुद्ध साक्ष द्यायची तर परवानगी लागते, मागितली आहे, येईल. मी आता नागपूरच्या वकिलांचं वर्ध्यातलं काम बघत होते. मैनाबाई प्रत्येक तारखेला दोन बस बदलून यायची. कपाळावर कुंकू असायचं, पण अगदी बारीक, असून नसल्यासारखं. "आले का वकीलसाहेब?" "नाही गं." "येतीन." तिचा भरवसा बघून मला साहेबांचा राग यायचा आणि त्यांचं पत्र उघडलं की तो निम्मा व्हायचा. प्रत्येक पत्रात शेवटी लिहिलेलं असे, मैनाबाईला बसमध्ये उलटी होते, तिला पुढच्या सीटवर बसायला सांगा. आता अशा माणसाला शिव्या तरी कशा द्यायच्या?

चौथ्या वर्षी पेपरात त्यांचा फोटो आला. बंद गळ्याचा कोट, सगळी बटणं जागच्या जागी. कुठल्याशा जागतिक परिषदेत आपल्या देशावर आरोप झाले होते आणि साहेबांनी उत्तर दिलं होतं की आमच्याकडे माणूस कोठडीतून नाहीसा होत नाही. मी ती बातमी तीनदा वाचली. मग पेपरची घडी करून टाइपरायटरखाली घातली. त्याचा एक पाय नाही तरी डगमगतच होता.

सहाव्या वर्षी आई आजारी म्हणून ते देवळीला आले. वर्ध्याच्या वकिलांनी बाररूममध्ये त्यांचा सत्कार ठेवला. शाल झाली, श्रीफळ झालं, भाषणं झाली. त्या दिवशी मैनाबाईची तारीख होती. मी तिला घेऊन दारात उभी राहिले. हो, मुद्दामच. साहेबांनी पाहिलं आणि शाल खुर्चीवर टाकून बाहेर आले.

"मैनाबाई, पुढच्या सीटवर बसत जाते नं?"

"बसतो जी," ती म्हणाली. आणि मग विचारलं, "साहेब, ते तिकडं काय बोलले तुमी? बाईनं मले वाचून दाखवलं. आता तुमी सांगा."

आवाजात कुठेही टोमणा नव्हता. त्यांचीच पद्धत ती, त्यांनीच शिकवलेली. साहेबांनी चष्मा काढला. "आमच्याकडे..." म्हणाले आणि थांबले. पुन्हा म्हणाले, "आमच्याकडे माणूस..." बाररूममधले वकील दाराशी गोळा झाले होते. साहेबांचा हात कोटावर बटण शोधत होता आणि ते बटण तुटत नव्हतं.

मैनाबाईनं बराच वेळ वाट पाहिली. मग समजावणीच्या सुरात म्हणाली, "जाऊ द्या. मंग ते तुमचं नसंन."

साहेब गाडीत बसून निघून गेले. मी तिथे पायरीवर बसून रडले, नेमकी कशासाठी ते सांगता येत नाही. मैनाबाईच मला पाणी घेऊन आली.

दीड महिन्यानं रजिस्टर पाकीट आलं. आत साहेबांच्या हातचं मराठी प्रतिज्ञापत्र, वकिलातीच्या शिक्क्यासकट. परवानगीचा उल्लेख कुठेच नव्हता. सोबत चिठ्ठी: 'बाई, एक प्रत मैनाबाईला वाचून दाखवा.' चौकशीत तो कागद दाखल झाला आणि लक्ष्मण ठाण्यात होता, तिथून तो जिवंत बाहेर आला नाही, हे कोर्टानं मानलं. साहेबांचं पुढे काय झालं ते मला आजही नक्की माहीत नाही. बाररूममधले काही म्हणत, त्यांना दिल्लीला बोलावून एका खोलीत नुसतं बसवून ठेवलं. दुसरे म्हणत, छे, चांगली बढती मिळाली. मला आलेल्या पत्रात फक्त आईच्या आजाराविषयी आणि बसच्या सीटविषयी होतं.

लक्ष्मणचे दिवस झाले त्याला मी गेले होते. नातलग पानांवर बसले तेव्हा मैनाबाईनं मला बाजूला घेतलं. कपाळ कोरं होतं. "बाई, ऐका," म्हणाली आणि साहेबांचा कागद तोंडपाठ म्हणू लागली. "मी त्याले पाह्यलं. त्याचा डावा डोया सुजला होता. त्यानं पानी मांगतलं, मी देल्लं." एक शब्द सुटला नाही. मग म्हणाली, "आता हे माह्यंही हाय."

साहेब गेल्या वर्षी वारले. स्मरणिकेसाठी काही लिहा म्हणून वकील मंडळी मागे लागली. मी लिहिलं, मग कागद पालथा घातला आणि स्वतःलाच म्हटलं, आता तू सांग. बराचसा मजकूर गळाला. थोर, आदर्श, मार्गदर्शक वगैरे शब्द दुसऱ्यांदा निघालेच नाहीत. सहा वर्षं त्यांनी त्या बाईला ताटकळत ठेवलं याचा राग मात्र दुसऱ्यांदाही निघाला. आणि त्याच्या पाठोपाठ, मी काही न करता, मायाही निघाली. यातलं काय खोडावं ते मला कळेना. लाल पेन्सिल तशीच खाली ठेवली आणि कागद आहे तसा पाठवून दिला.