बाराव्या पडद्यावरचा सूर

वडिलांमागून वाद्यदुरुस्तीच्या दुकानात ताई बसू लागली, तेव्हा गिऱ्हाइकं दारातून डोकावून विचारायची, "कोणी आहे का?" ताई समोरच बसलेली असायची. वर्षभरात ते विचारणं थांबलं. व्हायोलिन असो, मँडोलिन असो नाहीतर गिटार, त्या कामात तिचा हात धरणारं कोणी उरलं नाही. "पोरीचा कान माझ्याहून तिखट आहे," असं वडील जाईपर्यंत सांगत होते.

लग्नाच्या भानगडीत ती पडली नाही. धाकटी बहीण शाळेतून निवृत्त झाली आणि दोघी दुकानावरच्या दोन खोल्यांत राहू लागल्या. एकसष्टाव्या वर्षीही ताईचे हात स्थिर होते, नजर साफ होती. बिघडला होता तो कान, आणि ते तिनं जिवाभावाच्या बहिणीलाही कळू दिलं नव्हतं.

आधी खिडकीतल्या चिमण्या गेल्या. तिला वाटलं, चिमण्याच कमी झाल्यात. मग फोन वाजलेला कळेना.

"ताई, एकदा कान तपासून घे," धाकटी म्हणायची.

"तूच पुटपुटतेस. तीस वर्षं पोरांवर ओरडून आवाजाचा साठा संपवलास तू."

धाकटी हसायची आणि विषय तिथंच राहायचा.

अशात एका सकाळी मास्तर आले. ते नाचाच्या वर्गात गिटार वाजवायचे. त्यांची गिटार जुन्या घडणीची होती. व्हायोलिनसारखं फुगीर पोट, दोन्ही बाजूंना कोरलेल्या वाकड्या फटी. विशीत त्यांनी ती कुणाकडून तरी वापरलेली घेतली होती आणि तिच्या पहिल्या तारा ताईच्या वडिलांनी चढवल्या होत्या. आता ती खुर्चीवरून पडली होती. तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचा पाया स्क्रूच्या भोकापाशी उभा चिरला होता.

"सरस लावून भागेल का?" मास्तरांनी विचारलं.

"भागेल की, आठ दिवस. त्यापेक्षा नवा पायाच करते."

तीन दिवस ती त्या पायाशी झटली. शिसवीचा तुकडा कापला. गिटारच्या पोटावर पॉलिश पेपर पसरून त्यावर तो तुकडा पुढेमागे घासत राहिली, पोटाचा बाक त्याच्या तळव्यात उतरेपर्यंत. मधेच खाली कार्बन पेपर घालून बघायची. जिथे काळं उमटे तिथे लाकूड टेकत होतं, तेवढंच तासायचं. शेवटी सगळा तळवा एकसारखा काळा झाला. वडिलांनीही मान डोलावली असती असं काम.

पण घोडी नुसती करून भागत नाही, ती बसवावी लागते. या गिटारची घोडी चिकटवलेली नसते. तारांच्या दाबानंच ती उभी असते, पुढेमागे सरकते, आणि तिची नेमकी जागा शोधायची ती कानानं. तारेच्या मधोमध, बाराव्या पडद्यावर, आधी बोट अलगद टेकवून तार छेडायची, मग दाबून. दोन्ही सूर एक व्हायला हवेत.

जाड तारा जमल्या. सगळ्यात बारीक तार तिनं छेडली. अलगद छेडली, दाबून छेडली. दोन्ही वेळा नखीची नुसती टिक. तिनं गाल गिटारच्या पोटाला लावला, श्वास रोखला. तरी टिकच.

जुन्या घोडीचे ठसे रोगणावर उमटलेले होते. नव्या पायात घोडीचा वरचा भाग तोलणाऱ्या स्क्रूची भोकं जराशी पुढे पडली आहेत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे घोडी ठशांच्या तेवढीच मागे हवी होती; किती, ते कानानं सांगायचं होतं. तिनं घोडी जुन्या ठशांवरच ठेवली.

मास्तरांनी दुकानातच चार सूर वाजवले, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "झकास!" गडबडीत गिटारचा पट्टा मात्र विसरून गेले.

दहा दिवसांनी तो द्यायला ताई नाचाच्या वर्गावर गेली. मधली सुट्टी होती. गिटार खुर्चीवर होती. ताईची नजर सवयीनं घोडीवर गेली. घोडी अर्धं सूत मागे सरकली होती, आणि पायाशी पेन्सिलची बारीक खूण होती. ताई रोगणावर कधी पेन्सिल लावत नसे.

"घोडी कोणी हलवली, मास्तर?"

"पुसताना माझाच हात लागला असेल."

"आणि पेन्सिलही हातालाच लागली होती का?"

मास्तरांनी मान खाली घातली. "एक जण आहे, सूर मोजायच्या यंत्राचा काटा बघून लावतो. सूर जरासा चढत होता. तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगणार, ताई?"

"किती चढत होता?"

"राहू द्या ना."

"किती?"

"नाचायला येणाऱ्या बायकांच्याही लक्षात आलं."

ताई पट्टा हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, "मला बारीक तार ऐकूच येत नाही. दोन वर्षं झाली."

मास्तरांनी गिटार उचलून भिंतीला टेकवली आणि ती खुर्ची तिला दिली.

घरी येऊन तिनं धाकटीला सगळं सांगितलं. मी म्हणत नव्हते का, असं धाकटी एकदाही म्हणाली नाही. दुसऱ्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. कानात यंत्र आलं. धाकटीचा शब्द न् शब्द ऐकू येऊ लागला, नळाचं थेंब थेंब गळणंसुद्धा. तार मात्र पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तशी वाजे. डॉक्टरांनी दोनदा यंत्र जुळवून बघितलं आणि सांगितलं, "बोलणं ऐकण्यापुरतं हे ठीक आहे. याहून जास्त आशा धरू नका."

"अगं, तूही काटा बघून सूर लाव की," धाकटी म्हणाली.

"काटा बघून कुणीही लावेल गं. त्यात मी कुठे आले?" एवढं बोलून ताईनं तोंड फिरवलं. धाकटी तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. त्या दिवशी दुकान उघडलं नाही.

पुढच्या आठवड्यात एक बाई घोडी मोडलेलं व्हायोलिन घेऊन आली. ताईनं ते उलटंसुलटं करून पाहिलं. "घोडी करून देते. पण सूर दुसरीकडे लावून घ्यावा लागेल. मला ऐकू येत नाही."

बाईनं हळूच व्हायोलिन पेटीत ठेवलं. "उद्या येते," म्हणाली, आणि आली नाही.

असे बरेच गेले. चिरा सांधणं, खुंट्या बसवणं, रोगण देणं एवढंच काम उरलं आणि दुकान सकाळपुरतं उघडं राहू लागलं. दुरुस्त वाद्य गिऱ्हाईक वाजवून बघू लागलं की ताई कानातलं यंत्र काढून हातात धरते, आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहते.